खर्च कोणाचा, सूट कोणाला

या पुस्तकात ज्या बायका बोलल्या आहेत, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी आरोग्यविम्याचा हप्ता भरला असेल. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या डोळखांब, किन्हवली, धसई, टोकावडे या बाजूच्या या बायका. कोणी भातलावणीला जाणारी, कोणी वीटभट्टीवर, कोणी पडघ्याच्या गोदामात दिवसभर उभी राहून खोकी भरणारी. त्यांची नावे आम्ही बदललेली नाहीत, दिलेलीच नाहीत. पाळणा लांबवायचा की थांबवायचा, ते कोणी ठरवले आणि त्याचा भुर्दंड कोणावर पडला, एवढेच त्यांना विचारले होते. तरी प्रस्तावनेची सुरुवात विम्यापासून आणि तीही अमेरिकेतल्या विम्यापासून करावी लागते आहे. संततिनियमनाचे पैसे द्यायला धर्माचे नाव सांगून कोणी नकार देऊ शकतो का, हा वाद तिथे इतका उघड्यावर झाला की त्यातून आपल्याकडचा झाकलेला वाद दिसायला मदत होते.

ओबामांच्या २०१० च्या आरोग्य कायद्यानंतर तिथे नियम आला की मालकाने कामगारांना जो विमा द्यायचा त्यात स्त्रियांची गर्भनिरोधनाची साधने आलीच पाहिजेत आणि तीही वेगळे पैसे न घेता. हॉबी लॉबी नावाची हस्तकलेच्या सामानाची मोठी दुकानसाखळी आहे. ती चालवणारे कुटुंब श्रद्धाळू ख्रिस्ती. मान्यताप्राप्त वीस पद्धतींपैकी सोळांना त्यांची हरकत नव्हती. दोन प्रकारच्या तांब्या आणि दोन प्रकारच्या तातडीच्या गोळ्या मात्र त्यांच्या मते गर्भपातासारख्या होत्या आणि त्यांचे पैसे देणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. ३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत लिहिताना एक साधा हिशेब मांडला: किमान वेतनावर काम करणाऱ्या बाईला तांबी बसवून घ्यायला जवळजवळ महिन्याचा पगार लागतो. पुढे सरकारनेच नियम बदलून धार्मिक आणि नैतिक हरकतीची सूट आणखी रुंद केली आणि जुलै २०२० मध्ये न्यायालयाने तीही उचलून धरली. त्या खटल्यात एका बाजूला म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या जोगिणींचा एक संघ होता, हे मुद्दाम सांगायला हवे. दरवेळी समोर पैसेवाला दुकानदारच असतो असे नाही.

मला या सगळ्यात निकालापेक्षा कागद महत्त्वाचा वाटतो. हॉबी लॉबीला सूट हवी होती तर ती मागावी लागली. कोणत्या साधनाला हरकत आहे, का आहे, हे लिहून द्यावे लागले. समोरच्या वकिलाने ते खोडले, गिन्सबर्ग यांनी विरोधात लिहून ठेवले. सूट मिळाली तरी ती कोणाला मिळाली, हे नावानिशी नोंदलेले राहिले. शहापूर-मुरबाडकडे वळताना हे लक्षात ठेवावे.

मालकाचा धर्म आणि संततिनियमन यांची गाठ महाराष्ट्रात पडली ती हॉबी लॉबीच्या निकालाच्या सुमारे नव्वद वर्षे आधी. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला संततिनियमनाचा दवाखाना उघडला तेच हे वर्ष. विल्सन कॉलेज स्कॉटिश मिशनचे. आपला प्राध्यापक लोकांत उभा राहून गर्भनिरोधनाची साधने समजावतो, हे तिथल्या चालकांना मानवले नाही आणि १९२५ मध्ये कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. कॉलेजला कोणाच्या साधनांचा खर्च करायचा नव्हता. फक्त त्याविषयी बोलणाऱ्याला पगार द्यायचा नव्हता. खटला झाला नाही, निकाल झाला नाही. कर्व्यांनी १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवले. त्या मासिकावर अश्लीलतेचे खटले भरले ते सनातन्यांच्या तक्रारींवरून, मिशनऱ्यांच्या नव्हे. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव आला. तो आंबेडकरांचा, ते त्या दिवशी हजर नसल्याने त्यांच्या पक्षाच्या सहकाऱ्याने मांडला, आणि पडला. त्याआधी तीन वर्षे, डिसेंबर १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या होत्या आणि साधनांऐवजी संयम, एवढेच उत्तर घेऊन परतल्या होत्या.

म्हणजे मिशनरी, सनातनी आणि महात्मा, तिघांचीही हरकत एकाच वेळी होती. आपल्याकडे धर्म आडवा येत नाही असे जे म्हणतात त्यांनी हे तीन संदर्भ एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटले, निदान कागदावर. १९५२ मध्ये सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यानंतर धर्माची हरकत सांगायची तर ती सरकारविरुद्ध सांगावी लागे. आणीबाणीत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, हे आज कोणी फारसे आठवत नाही. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्याला पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, या हरियाणाच्या कायद्याविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा त्यांनी धर्मस्वातंत्र्याचाही आधार घेतला होता. जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या २००३ च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला. आपल्याकडे ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेले चालत नाही, हे मुरबाडमधल्या कोणत्याही पारावर कळेल. या नियमातून धर्माची सूट कोणालाच नाही.

डॉक्टरांनाही नाही. हे फार कमी जणांना ठाऊक असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिले आहे की वैद्यकीय गरज असेल तिथे केवळ धार्मिक कारणावरून नसबंदी, संततिनियमन किंवा गर्भपातासाठी मदत नाकारता येणार नाही. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात सद्सद्विवेकबुद्धीला पटत नसल्यास डॉक्टरला बाजूला होण्याची मुभा आहे. आपल्या १९७१ च्या कायद्यात तशी तरतूद नाही. १९६८ च्या पोपच्या पत्रकानंतर कृत्रिम साधने कॅथलिक शिकवणीत वर्ज्य राहिली आणि मिशनच्या दवाखान्यांत त्यांची सोय सहसा नसते. पण शहापूर-मुरबाडमधली बाई बाळंतपणाला जाते ती शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे तिला कोणी क्रूस किंवा पोथी दाखवून परत पाठवत नाही.

तिथे तिला विचारतात, मालकांनी सही केली का?

गंमत अशी की त्याच आचारसंहितेत लगेच पुढचे कलम म्हणते, वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला नवरा आणि बायको दोघांची संमती हवी. केंद्र सरकारची नसबंदीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात, जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. दोन्ही कागद सरकारी व्यवस्थेचेच आहेत. बायकांचा अनुभव ऐकला तर यापैकी कोणता कागद व्यवहारात चालतो हे कळायला वेळ लागत नाही. धर्माच्या नावाने नकार देता येत नाही अशा देशात नवऱ्याच्या नावाने तो सहज देता येतो, आणि त्याला नकार असे कोणी म्हणतही नाही. सासूबाई म्हणतात, एक मुलगा होऊ दे, मग काय ते कर. म्हशाच्या जत्रेत नवस बोललेला असतो तो फेडायचा असतो. तांबी घरात न सांगता बसवली आणि अंगावरून जास्त गेले तर सगळे तिच्यावरच येते. काही मुसलमान बायकांनी सांगितले की त्यांच्याकडे कायमचे ऑपरेशन वर्ज्य मानतात, पाळणा लांबवायला तशी हरकत नाही. त्यांना गोळ्या आणि तांबी जवळची वाटतात. म्हणजे ज्या समाजाला धर्माच्या नावाने सर्वांत जास्त बोल लावला जातो, तिथल्या बाईजवळ निदान सांगण्यासारखा एक नियम आहे. कुणबी किंवा आगरी घरातल्या सुनेसमोर नियम नसतो, माणसे असतात, आणि माणसांशी वाद घालणे अवघड.

आता विमा. खासगी आरोग्यविम्याचा कोणताही करार उघडा. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी न मिळणाऱ्या खर्चांची यादी एकसारखी केली. त्यातले सतरावे कलम वंध्यत्वाचे. त्याखाली पहिली ओळ: कोणत्याही प्रकारचे गर्भनिरोधन आणि नसबंदी. अठरावे कलम बाळंतपणाचे, तेही सहसा वगळलेले. हॉबी लॉबीला चार साधने वगळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. इथे सगळी साधने एका ओळीत गेली, कोणताही धर्म मध्ये न आणता. कारण विचारले तर विमेवाले सांगतात की विमा अनपेक्षित गोष्टीचा असतो, माणसाने ठरवून केलेल्या गोष्टीचा नाही. युक्तिवाद ऐकायला बरा आहे. पण त्याच करारात दोन वर्षे थांबल्यावर गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे सहसा मिळतात. पाळणा लांबवायला काही नाही, पिशवी काढायला आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनी २०१९ मध्ये राज्य हादरले, तेव्हा आपण ठेकेदार आणि खासगी डॉक्टरांकडे बोट दाखवले आणि ते रास्तच होते. पण कोणत्या उपचाराला पैसे मिळतात आणि कोणत्याला नाही, यानेही डॉक्टरचा सल्ला घडत असतो. त्याविषयी तेव्हा फार कोणी बोलले नाही.

विमा कंपन्यांच्या बाजूने एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे: इथे साधने सरकार फुकट देते. निरोध, माला-एन, तांबी, आणि २०१७ पासून दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी. आशाताई गोळ्या घरपोच देतात. ऑपरेशन करून घेणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ६०० रुपये, इतरांना २५० रुपये. अमेरिकेतल्या बाईला हेवा वाटावा असे हे आहे, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुली सुटीत आल्या की हे ऐकून चकित होतात. तिथे एका गोळीच्या पाकिटासाठी त्यांना नवऱ्याच्या कंपनीचा विमा कोणता, हे पाहावे लागते.

फुकट असले तरी ते कुठे मिळते आणि केव्हा मिळते, यावर शहापूर-मुरबाडचा सगळा प्रश्न उभा आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तानसा, भातसा आणि वैतरणेच्या धरणांचे पाणी इथून मुंबईला जाते आणि एप्रिल-मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. शहापूरला आसनगावची लोकल तरी आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, कल्याणची एसटी हाच आधार. दिवाळी उरकली की कातकरी आणि ठाकर कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडी, कल्याण, त्याही पुढे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. आता ‘अंतरा’चा हिशेब मांडून पाहा. ऑक्टोबरमध्ये आपल्या उपकेंद्रात इंजेक्शन घेतलेल्या बाईची पुढची तारीख जानेवारीत येते, तेव्हा ती भट्टीवर असते. तिथली सिस्टर तिला ओळखत नाही, तिचे कार्ड पाड्यावर पत्र्याच्या पेटीत राहिलेले असते, आणि ठेकेदाराकडून उचल घेतलेली असल्याने एक दिवसाची सुटी म्हणजे कर्जात भर. ऑपरेशनचेही तेच. थंडीत टाके लवकर भरतात या समजुतीने बायका हिवाळा धरून बसतात, आणि कातकरी बाई नेमकी हिवाळ्यात गावाला नसते. कार्यक्रमाचे वेळापत्रक शेतीवर पोट असलेल्या, घर सोडून न जाणाऱ्या बाईला समोर ठेवून आखलेले आहे.

कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर. मध्य प्रदेशात १९७९ साली सरकारने अशा गटांना नसबंदीतून वगळले होते. हेतू चांगला सांगितला होता: लोकसंख्या घटत आहे, सक्ती नको. परिणाम असा झाला की त्यांपैकी बैगा जमातीच्या बाईला पाच-सहा मुलांनंतर स्वतःहून ऑपरेशन हवे असले तरी दवाखान्याने तिला परत पाठवायचे, किंवा तिने जात लपवायची. पुढे मध्य प्रदेशातून वेगळ्या झालेल्या छत्तीसगडच्या बैगांनीच न्यायालयात जाऊन ही बंदी उठवून घेतली. तिथे सूट जमातीला दिली होती, बाईला विचारले नव्हते. अमेरिकेतल्या दुकानदाराला मिळालेली सूट आणि बैगा जमातीला दिलेली सूट यांत वरवर काहीच साम्य नाही. पण दोन्हीकडे सूट एकाला मिळते आणि पोटातले मूल दुसऱ्याच बाईला वाढवावे लागते.

आणि सर्वांत मोठी सूट पुरुषांना आहे. ती कोणत्याही कायद्यात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांचे ऑपरेशन झालेले होते. नवऱ्याची नसबंदी झालेल्या शंभरात एकही भरत नाहीत. पुरुषाच्या ऑपरेशनला टाका लागत नाही, वेळ कमी लागतो, धोका कमी, आणि पैसेही सरकार बाईपेक्षा जास्त देते. तरी या दोन तालुक्यांत ज्या बाईला विचारावे ती सांगते, त्यांना ओझी उचलायची असतात. जणू लावणीच्या चिखलात वाकलेली, डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून चढ चढणारी ती कोणी दुसरीच. हे ती तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. या पुस्तकातली मला सर्वांत जड गेलेली पाने ती आहेत.

बाईवर पडणाऱ्या या भाराची थोडी भरपाई कामगार कायद्यांनी करून ठेवली आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नसबंदी करून घेणाऱ्या स्त्रीला १४ दिवस आणि पुरुषाला ७ दिवस पूर्ण पगाराइतका भत्ता आहे. प्रसूती लाभ कायद्यातही १९९५ च्या दुरुस्तीने स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी दोन आठवड्यांची पगारी रजा आली. गोदामात ठेकेदाराच्या हजेरीवर काम करणाऱ्या मुलींना हे माहीत नसते. ज्यांचे नावच नोंदवहीत नाही त्यांना माहीत असूनही फारसा उपयोग नाही.

एक विमा मात्र खास याच विषयासाठी आहे, आणि तो संततिनियमनाचा नाही, ते फसण्याचा आहे. उत्तर प्रदेशातल्या शिबिरांतल्या हलगर्जीवरून झालेल्या रमाकांत राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००५ मध्ये आदेश दिला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नसबंदीसाठी राष्ट्रीय विमा योजना सुरू झाली. आधी ती विमा कंपनीमार्फत चाले. १ एप्रिल २०१३ पासून भरपाई राज्य सरकारे स्वतः देतात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने उरकली आणि त्यांतल्या डझनभर जणी दगावल्या. देविका बिस्वास खटल्यात सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितली. भरपाईच्या रकमाही दुप्पट झाल्या: दवाखान्यातून घरी सोडल्यावर सात दिवसांत मृत्यू झाला तर चार लाख, आठ ते तीस दिवसांत झाला तर एक लाख, ऑपरेशन फसून पुन्हा दिवस राहिले तर ६० हजार, गुंतागुंत झाली तर ५० हजारांपर्यंत. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरलाही त्याच योजनेत कोर्टकज्जापासून संरक्षण आहे.

पैसे मागायचे तर दिवस राहिल्याचे किंवा त्रास झाल्याचे कळल्यापासून ९० दिवसांत अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जाला नसबंदीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते ऑपरेशनच्या दिवशी मिळत नाही. बाईला महिन्याभराने किंवा पुढची पाळी आल्यावर तपासणीला जाऊन घ्यावे लागते, आणि पुष्कळ जणी तोवर कामाला लागलेल्या असतात, जात नाहीत. म्हणून अर्जाचा नमुना, लागणाऱ्या कागदांची यादी आणि तो कोणत्या कार्यालयात द्यायचा, हे शेवटच्या परिशिष्टात मोठ्या अक्षरांत छापले आहे. ते पान सुटे करून भिंतीला लावता येते. आशाताईंनी गृहभेटीला जाताना निदान तेवढे पान बरोबर न्यावे. बाकीचे पुस्तक मग सावकाश वाचले तरी चालेल.